हळू चालणारं सेंटर

दुकानाचं, म्हणजे आधारवर पैसे काढून देणाऱ्या आणि सरकारी फॉर्म भरून देणाऱ्या सेंटरचं, नाव लिहीत नाही. ते चालवणाऱ्या ताईनंच सांगितलं, "काकाजी, लिहाचं असन तं लिवा, पण नाव नोका टाकू. नाव टाकलं का उद्या कोनी मायाच नावानं लोकायले फोन करन, अन् लोकं ओटीपी देऊन मोकये होतीन." म्हणून पत्ता असा घ्या : घाटंजी तालुका, बाजाराचं गाव, बस थांब्याकडून बाजाराच्या ओट्यांकडे जाताना डाव्या हाताला जुनी पिठाची चक्की होती, ती खोली. भिंतीवर अजून पिठाचा थर आहे आणि पावसाळ्यात प्रिंटरचा कागद मऊ पडतो. आसपासच्या आठ-दहा खेड्यांतल्या माणसाला एवढा पत्ता पुरे.

पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते पुढे येईल, त्यात एक समोसा आहे.

मी पांढरकवडा आगारातून कंडक्टर म्हणून रिटायर झालो. एकोणतीस वर्षं लोकांकडून पैसे घेतले, सुटे परत दिले, रात्री वेबिल जुळवलं. स्टँडवरचे खिसेकापू मला चेहऱ्यानं ओळखत आणि मी त्यांना. त्यामुळे आपल्याला कोणी फसवू शकत नाही अशी माझी पक्की समजूत होती. आता पाच एकर आहे, कापूस आणि तूर. बाकी वेळ सेंटरच्या लायनीत जातो, कारण आजकाल शेतकऱ्याचं निम्मं काम वावरात आणि निम्मं केवायसीत असतं.

आधी तक्रारच सांगतो, म्हणजे कोणी म्हणायला नको की ओळखीची म्हणून कौतुक करून राह्यला. हे सेंटर भयंकर हळू आहे. सकाळी दहाला उघडतं, तोवर बाहेर पंधरा माणसं उभी. ताई जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे कापून त्यावर नंबर लिहून वाटते. बारावा नंबर मिळाला तर दीड-दोन तास धरून चाला. दीड ते तीन जेवणाची सुट्टी, शटर अर्धं खाली. लाइन गेली की इन्व्हर्टर तासभर ओढतो, मग तोही दम टाकतो. उन्हाळ्यात बाहेर सावली नाही, बसायला एक बाकडं, त्यावर तीन माणसं आणि एक टोपलं. पाण्याचा माठ आहे, पण पेला साखळीला बांधला आहे आणि साखळी आखूड आहे, वाकून प्यावं लागतं. आणि ताई बोलते. वयाचा मुलाहिजा ठेवत नाही. सरपंचाला तिनं एकदा सगळ्यांसमोर म्हटलं, "भाऊ, तुमी कागद वाचाले शिका आधी."

या हळूपणाला कंटाळून मी दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या सेंटरला जायला लागलो होतो. ते थांब्याजवळ होतं, पंखा, काचेचा दरवाजा, पोरगा चटपटीत. त्याचंही नाव लिहीत नाही, आता तो तिथं नाहीही. पाच मिनिटांत काम. गेलं की "या काकाजी, बसा काकाजी", अंगठा लावा, पैसे घ्या, चला. पावती मागितली की "रोल संपला".

माझी मोठीमाय, म्हणजे मोठ्या बापाची बायको, सत्त्याहत्तरची आहे. तिला श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये येतात. तिचा अंगठा मशीनवर लवकर उठत नाही. आयुष्यभर निंदण केलं, राखेनं भांडी घासली, बोटावरच्या रेषा गेल्या. पोरानं अंगठा लावला, म्हणाला उठला नाही. पुसून पुन्हा लावला, म्हणाला सर्व्हर गेला. तिसऱ्यांदा उठला आणि त्यानं १,५०० रुपये हातात दिले. आम्ही खूश.

पुढे महिन्याभरानं बँकेत पासबुक छापलं तर त्या एकाच दिवशी १,५०० दोनदा निघालेले. मोठीमायच्या खात्यात मागच्या महिन्याचे पडून होते, तेच गेले. तिला लिहिता-वाचता येत नाही तरी लगेच म्हणाली, "मी तं एकदाच घेतले ना बाबू." तिच्या खात्याला मोबाइल जोडलेला नव्हता, म्हणून मेसेज आलाच नाही. बँकेतल्या बाईनं सांगितलं, दोन्ही व्यवहार यशस्वी दिसतात. पोराकडे गेलो तर "सर्व्हर" म्हणाला. सरपंच सोबत आला तेव्हा पैसे निघाले, तेही दोन हप्त्यांत.

आधारवरून पैसे काढायला काय लागतं, हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. फक्त तीन गोष्टी : बँकेचं नाव, आधार नंबर आणि बोट. ओटीपी नाही, पिन नाही, कार्ड नाही. म्हणजे माणसाचा अंगठा हीच त्याची सही आणि हीच तिजोरीची किल्ली, आणि आपण ती दिवसातून चारदा कोणाच्याही मशीनवर ठेवतो.

मग मोठीमायला घेऊन पुन्हा चक्कीच्या खोलीत. या वेळी लायनीत उभं राहून ताईचं काम नीट पाह्यलं. तोपर्यंत ती हळू का आहे याचा विचारच केला नव्हता.

तिनं मॉनिटर फिरता बसवला आहे. गिऱ्हाईक समोर आलं की तो त्याच्याकडे वळवते. आकडा टाकते आणि मोठ्यानं विचारते, "आजी, किती काढाचे?" आजी म्हणाली हजार, तर पडद्यावरच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणते, "एकावर तीन शून्य, पाहा." आजीला शून्य मोजता येतात. मग अंगठा. अंगठा उठला नाही तर दुसऱ्यांदा लगेच लावत नाही. आधी मिनी स्टेटमेंट काढते, मागचे व्यवहार त्यावर येतात, पैसे गेले की नाही ते दाखवते, आणि मगच पुन्हा. तिच्याकडे एक लांबडं रजिस्टर आहे, शाळेच्या हजेरीसारखं. त्यात नाव, रक्कम, वेळ आणि शेवटच्या रकान्यात "उठला" किंवा "नाही उठला". पावती हातात दिल्यावर ती गिऱ्हाइकाला पैसे मोजायला लावते, मोठ्यानं. हे सगळं होईपर्यंत लायनीतले बोंबलतात. मीही बोंबललो आहे.

तिनंच सांगितलं की कधी कधी खरंच सर्व्हर अडतो, खात्यातून कटतात आणि हातात येत नाहीत. तसं झालं तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं पाच दिवसांत पैसे आपोआप खात्यात परत पडले पाहिजेत, त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. "पण त्याच्यासाठी कागद लागते काकाजी. कागद नाही तं तुमी अन् मी, दोघंबी खोटे." एसटीत हेच होतं. पैसे दिले आणि तिकीट घेतलं नाही, तर चेकर आल्यावर तुम्ही फुकटे.

त्या दिवशी तिनं मोठीमायचं बायोमेट्रिक लॉक केलं. ही सोय आधारच्या वेबसाइटवर आणि त्यांच्या अ‍ॅपवर आहे. लॉक असताना अंगठा कुठंच चालत नाही, पैसे काढायचे त्या वेळी थोड्या मिनिटांसाठी उघडायचं. अडचण एकच. रेशनच्या मशीनवरही अंगठा चालत नाही, तिथं जाण्याआधी आठवणीनं उघडावं लागतं. आधी खात्याला आणि आधारला माझा मोबाइल नंबर जोडावा लागला, त्यात दोन चकरा गेल्या. आता मोठीमाय मला दर महिन्याला विचारते, "मायं बोट उघडलं का?"

इथपर्यंत वाचून वाटेल की मी शहाणा झालो. नाही झालो.

फेब्रुवारी २०२५. पीएम किसानचा १९वा हप्ता २४ तारखेला पडणार होता, गावात सगळीकडे तीच चर्चा. त्याआधी चार-पाच दिवस, संध्याकाळी, गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फाइल आली. पाठवणारा आमच्या ग्रामपंचायतीचा माजी सदस्य, रोज सकाळी सुविचार टाकणारा माणूस. फाइलीचं नाव पीएम किसान केवायसी, शेवटी डॉट एपीके. खाली लिहिलेलं : आज रात्री १२ पर्यंत केवायसी न केल्यास हप्ता बंद.

मी दाबलं. फोननं विचारलं, अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप आहे, टाकू का? मी म्हटलं टाक. त्यानं विचारलं, एसएमएस वाचायची परवानगी? दिली. हिरव्या रंगाचं पान उघडलं, वर शेतकऱ्याचं चित्र. आधार नंबर, बँक, कार्डाचा नंबर विचारला. दोन हजारांसाठी कार्डाचा नंबर कायला लागते, एवढा प्रश्न माझ्या डोक्शात यायला पाहिजे होता. पण माझं लक्ष "रात्री १२" वर होतं. सगळं भरल्यावर आलं, "प्रक्रिया सुरू आहे, २४ तास अ‍ॅप काढू नका." मी आज्ञाधारक माणूस, नाही काढलं.

स्टँडवर खिसेकापूंची जोडी असायची. एक जण दारात धक्का देऊन ओरडायचा, "चला चला, गाडी सुटली," आणि दुसरा मागून हात घालायचा. गाडी सुटलेली नसायची. मी प्रवाशांना वर्षानुवर्षं सांगत आलो की गाडी मी बेल दिल्याशिवाय हलत नाही. आणि इथं मीच दारात लोंबकळत होतो.

कळलं कसं, तर पुण्याहून पोराचा फोन आला. "बाबा, तुमी मले कायची फाइल पाठवली?" मी काहीच पाठवलं नव्हतं. माझ्या फोननं आपणहून तीच फाइल माझ्या नावानं सगळ्यांना पाठवली होती. माजी सदस्याच्या फोनचंही तेच झालेलं. खात्यात कापसाचे पैसे होते, सीसीआयला, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाला, लांब धाग्याला क्विंटलमागे ७,५२१ चा हमीभाव होता त्या वर्षी. शिल्लक पाहिली तर १८,६०० कमी. एक ९,८००, एक ८,८००. एकाही व्यवहाराचा मेसेज मला दिसला नाही, मेसेज आधी त्या अ‍ॅपनं वाचले.

संध्याकाळचे पावणेसात झाले होते. ताई शटर ओढत होती. मी काय बोललो ते आठवत नाही, तिनं हातातून फोन घेतला आणि शटर परत वर केलं. या एका अर्ध्या तासात ती अजिबात हळू नव्हती.

पहिलं काम, फोन विमान मोडवर. दुसरं, सिम काढून माझ्या बायकोच्या बटणाच्या फोनमध्ये टाकलं, म्हणजे पुढचे ओटीपी त्या अ‍ॅपला मिळणार नाहीत. त्या फोनवरून ##००२# लावलं. कॉल दुसरीकडे वळवून ठेवले असतील तर त्यानं सगळे रद्द होतात. मग माझा अंगठा लावून मिनी स्टेटमेंट. त्यावर दोन्ही व्यवहार, त्यांचे नंबर. ते हातात आल्यावर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन.

बँकेचा नंबर मी गूगलवर शोधायला लागलो तर तिनं हातावर मारलं. खरंच मारलं. "गूगलवर कस्टमर केअर म्हणून चोरायनंच आपले नंबर टाकून ठेवले हायेत. कार्डाच्या मागं पाहा." कार्ड आणि नेटबँकिंग बंद केलं. पलीकडे १९३० वाल्यांनी विचारलं : नाव, बँक, खाते क्रमांक, रक्कम, वेळ, व्यवहाराचा नंबर. सगळं कागदावर तयार होतं म्हणून सात-आठ मिनिटांत झालं. तक्रारीचा नंबर मिळाला. मग तिथंच बसून सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर पूर्ण तक्रार भरली, कारण फोनवर भागत नाही, लेखी तक्रार पुरी करावी लागते.

या नंबरचं काम कसं चालतं ते तिनं शटर लावताना सांगितलं. तक्रार पडली की ती माझ्या बँकेकडे जाते, बँक पाहते पैसा कुठं गेला. त्या खात्यात असेल तर तिथंच थांबवतात. पुढं सरकला असेल तर पुढच्या बँकेला कळवतात, तिथून पुढं सरकला असेल तर त्याच्याही पुढं. चोर पळतो आणि हे मागून दरवाजे लावत जातात. म्हणून उशीर करायचा नाही. शरम वाटून रात्रभर झोपून सकाळी तक्रार करायची, असं तर बिलकुल नाही. माझ्या ८,८०० ला एका दरवाज्यानं अडवलं. ९,८०० एटीएममधून निघून गेले होते. अडकलेले पैसे हातात यायला अर्ज, पोलीस ठाणं, कोर्टाचा आदेश, असे पुढचे काही महिने गेले. तो सगळा वेगळाच पोवाडा आहे, इथं गात नाही.

बँकेत मी रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाचं बोललो, पोरानं पाठवलं होतं. चूक बँकेची नाही आणि तुमचीही नाही, कुठं तरी तिसरीकडेच घोळ झाला, आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर काही बोजा नाही. साहेबांनी शांतपणे विचारलं, अ‍ॅप कोणी टाकलं? मीच. परवानगी कोणी दिली? मीच. मग चूक तुमची धरली जाते. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं, आधीचं तुमचं. आता कळलं की सिम काढण्याची घाई तिला काहून होती. रात्री त्या चोरांनी आणखी दोनदा प्रयत्न केला होता.

ही हकीकत मी गावात कोणालाच सांगितली नव्हती. सांगितली ती गुरुजींच्या प्रकरणानंतर.

गुरुजी म्हणजे आमचे रिटायर हेडमास्तर. गप्पिष्ट माणूस, लायनीत उभे राह्यले की भूगोल सुरू. त्या दिवशी ते आले ते गपचूप. शर्टाच्या खिशात फोन, कॅमेरा बाहेर डोकावतो आहे, कानात वायर. माझा नंबर चौदा, त्यांचा त्याच्या मागे, पण ते सरळ टेबलापाशी गेले आणि चिठ्ठी पुढे केली : आरटीजीएसचा फॉर्म पाहिजे, २ लाख. तोंडानं एक शब्द नाही. ताईनं चिठ्ठी पाहिली, मग खिसा पाहिला. मग मागच्या बाजूनं कोऱ्या असलेल्या एका झेरॉक्सवर मोठ्या अक्षरात लिहिलं, "गुरुजी, पोलीस बोलत आहे का?" गुरुजींनी मान हलवली, हो. तिनं खाली लिहिलं, "खोटा आहे. कापा." गुरुजींनी मान हलवली, नाही. हात थरथरत होते. कानातला आवाज मला ऐकू येत नव्हता, पण त्यांच्या कपाळावर घाम फुटलेला दिसत होता.

ताई उठली, टेबलाला वळसा घालून आली, खिशातून फोन काढला. पडद्यावर खाकी घातलेला माणूस, मागं झेंडा, टेबलावर अशोकस्तंभ. तिनं त्याच्याकडे एकदा पाह्यलं आणि लाल बटण दाबलं. लगेच परत वाजला. तिनं बंदच करून टाकला. गुरुजी म्हणाले, "अवं, मले अटक होईन. माया नावाच्या पार्सलमंधी ड्रग्ज सापडले म्हनते. व्हिडिओवरच बसाले लावलं होतं सकायपासून." ती म्हणाली, "गुरुजी, व्हिडिओवर अटक कायद्यातच नाही. पोलीस आले तं दारात येतीन, अन् अटक कराची असन तं पैसे नाही मांगत." पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हेच सांगितलं होतं, गुरुजींनी तो कार्यक्रम ऐकलाही होता. पण ऐकणं वेगळं आणि आपलं नाव, आपला आधार नंबर बरोबर सांगणारा खाकीवाला समोर असणं वेगळं.

गुरुजींनी तिथल्याच साखळीच्या पेल्यानं दोन पेले पाणी प्यालं, वाकून. मग पहिलं वाक्य, "फॉर्मची प्रिंट झाली का वं? किती झाले?" झाली नव्हती. तरी दहा रुपये ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "तो नंबर मी पाठ केला. १९३०, म्हणजे बापूजी अण्यांच्या पुसदच्या जंगल सत्याग्रहाचं साल." आता आमच्याकडे सगळ्यांना तो नंबर असाच पाठ आहे. ज्यांना जंगल सत्याग्रह माहीत नव्हता त्यांना तोही झाला.

आता समोसा. मागच्या पावसाळ्यात सेंटरसमोरच्या गाडीवरून दोन समोसे घेतले. खाऊन झाल्यावर कागद उलटून पाह्यला तर शेजारच्या गावच्या एका बाईचं आधार कार्ड. फोटो, पत्ता, पूर्ण बारा आकडे, त्यावर चटणी. बिघडलेल्या झेरॉक्स ताई कोपऱ्यातल्या खोक्यात टाकत होती आणि गाडीवाला पोरगा रद्दी म्हणून नेत होता. मी कागद घेऊन आत गेलो आणि टेबलावर ठेवला. एवढी बोलकी बाई, तोंडातून शब्द निघाला नाही. तेव्हापासून बिघडलेले कागद संध्याकाळी घरी नेते, चुलीत घालते. पण आधीच्या दोन-तीन वर्षांचं काय, किती समोसे गेले असतील त्याचा हिशोब नाही. एक तारा तिथं कापला आणि तो परत देणार नाही. तुम्हीही कुठं झेरॉक्स काढली तर बिघडलेली प्रत मागून घ्या. आणि जिथं चालते तिथं पूर्ण नंबराऐवजी शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार द्या, तीही सोय आहे.

बाकी कामं थोडक्यात. लाडकी बहीणची ई-केवायसी सुरू झाली, सप्टेंबर २०२५ मध्ये, तेव्हा बायांची बम गर्दी. खोट्या वेबसाइटी निघाल्या होत्या. ताई गूगलवर शोधत नव्हती, पत्ता एकेक अक्षर टाकत होती आणि शेवटी गव्ह डॉट इन आलं का ते बाईला वाचायला लावत होती. त्याच महिन्यात कापूस विकायची नोंदणी कपास किसान अ‍ॅपवर आली. तेव्हाही तिचा एकच हट्ट, अ‍ॅप प्ले स्टोअरवरूनच, कोणी पाठवलेल्या लिंकवरून नाही, लिंक खुद्द ग्रामसेवकानं पाठवली तरी. मी या बाबतीत आता तिच्यापेक्षा कडक झालो आहे. नात वाढदिवसाचं आमंत्रण पाठवते तर आधी फोन करून विचारतो.

सौर पंपाचा फॉर्म तिच्याकडे भरला, ठीक झाला. त्यातही भामटे आहेत, नंबर लागला म्हणून फोन करतात आणि लाभार्थी हिस्सा आपल्या खात्यात मागतात. पॅन कार्डाला मात्र जाऊ नका, दोनदा नाव चुकलं. लॅमिनेशन वाकडं करते.

एका गोष्टीत माझं तिच्याशी पटत नाही. ती म्हाताऱ्या माणसांना सांगते, फोनवर पैशाचं काही ठेवूच नका. ते मला जास्त वाटतं. मी भाजीवाल्याला, कृषी केंद्राला फोननंच पैसे देतो, फक्त त्यासाठी वेगळं खातं ठेवलं आहे आणि त्यात दोन-तीन हजारांच्या वर ठेवत नाही. कापसाचे पैसे दुसऱ्या खात्यात, त्याला ना कार्ड ना अ‍ॅप. एक नियम दोघांचाही सारखा : पैसे येणार असतील तर पिन टाकायचा नाही. पिन पैसे जाताना किंवा शिल्लक पाहताना लागतो. हे तिनं खडूनं दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलं आहे, बाहेर जाताना दिसावं म्हणून. पिठामुळे खडू नीट बसत नाही, दर सोमवारी पुन्हा लिहिते.

थांब्याजवळ आता पुन्हा एक नवीन सेंटर उघडलं आहे, एसी आहे म्हणतात. आत गेलो नाही, त्यामुळे बरं-वाईट काही लिहीत नाही.

जायचं असेल तर बाजाराच्या दिवशी जाऊ नका. मूळ आधार, पासबुक आणि ज्यावर मेसेज येतो तो मोबाइल सोबत न्या. मोबाइल पोराजवळ पुण्याला आणि तुम्ही इथं, असं असेल तर "ओटीपी फोनवर विचारून सांगतो" म्हटलेलं ती चालू देत नाही, परत पाठवते. मला दोनदा पाठवलं.